जन्माचे, दत्तक आणि तोतये

कुणी जुन्या गाडीचा डायनामो पोत्यात गुंडाळून आणला, तर नाना आधी त्याच्याकडे बघायचेच नाहीत. आणणाऱ्याला विचारायचे, "गाडी कधी जन्मली?"

"मॉडेल विचारताय का नाना?"

"मॉडेल नाही. महिना सांग."

महिना सांगता आला नाही, तर गिऱ्हाईक आल्या पावली परत. कारण नानांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत होतं: भाग गाडीच्या आधी जन्मतो. त्या काळच्या डायनामोच्या अंगावर, हॉर्नच्या पाठीवर, वायपरच्या मोटरवर कारखान्यानं महिना आणि साल ठोकलेलं असायचं. गाडी मे महिन्यातली असेल, तर तिचा डायनामो मार्च-एप्रिलचा हवा. फार तर फेब्रुवारीचा. जूनचा निघाला, तर तो कितीही जुना आणि देखणा असला तरी त्या गाडीचा नव्हे.

सातपूरला एका लेथच्या वर्कशॉपमागे त्यांची पत्र्याची शेड होती. शेडवर पाटी नव्हती. तरी मुंबई-पुण्याहून, एकदा तर थेट इंदूरहून, जुन्या गाड्यांचे हौशी मालक विचारत विचारत तिथं यायचे. गाडीचा पत्रा, रंग, इंजिन यातलं कळणारे पुष्कळ होते. पण दिवा, हॉर्न, वायर, स्विच यातलं त्या गाडीचं स्वतःचं कोणतं आणि मागून आलेलं कोणतं, हे सांगणारे नानाच.

'ओरिजिनल' हा शब्द त्यांच्या शेडमध्ये चालायचा नाही. "बाजारात सगळंच ओरिजिनल असतं," ते म्हणायचे. "परवा एक जण म्हणाला, नाना, ओरिजिनलची एकदम ओरिजिनल कॉपी आहे." त्यांचे शब्द तीनच. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला भाग 'जन्माचा'. त्याच घराण्यातला, पण नंतर बसवलेला, तो 'दत्तक'. आणि नव्या मालावर जुना महिना-साल ठोकून आणलेला, तो 'तोतया'. दत्तकाबद्दल त्यांच्या मनात आकस नव्हता. "दत्तक म्हणून सांगा आणि सुखानं वापरा," म्हणायचे. तोतया हातात आला की मात्र तो जमिनीवर ठेवायचे. टेबलावर नाही.

नानांना जाऊन वर्ष झालं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही. फक्त एकदाच त्यांनी ते हट्टानं छापून घेतलं. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील सातपूरच्या कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. जोडाक्षरं मी 'धिक्कार' आणि 'व्यवस्थापन' या शब्दांवरून शिकले. कॉलेजात जायच्या आधीच मी पत्रकं लिहायला लागले होते. माझ्या पत्रकात स्वल्पविराम कमी आणि उद्गारचिन्हं जास्त असायची, आणि त्याचा मला अभिमान होता.

नानांची ओळख भोंग्यावरून झाली. कंपनीच्या गेटसमोर सभा होती आणि टेम्पोवरचा भोंगा बोलेना. कुणीतरी म्हणालं, मागच्या शेडमध्ये एक म्हातारा आहे. नानांनी दोन वायरी खरवडल्या, जोडल्या आणि विचारलं, "भाषण कशावर?"

"कंत्राटी कामगारांना कायम करा. शेकडो कामगार वर्षानुवर्षं..."

"शेकडो म्हणजे किती?"

"शेकडो म्हणजे शेकडो!"

"मोजलेत का?"

मी भोंग्याची वायर गुंडाळू लागले.

"मोजून ये, मग ओरड. भोंगा कुठं पळून जात नाही."

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी खरोखरच गेटवर उभी राहून माणसं मोजली. शेकडो भरेनात. ते मी नानांना सांगितलं नाही. पण त्यानंतर शेडमध्ये जायला लागले. ते मला 'पुढारी' म्हणायचे. "या पुढारी. आज कुणाचा धिक्कार?"

त्यांचं काम बघणं हीच एक करमणूक होती. काळ्या बेकलाइटचं, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं, झाकण आलं की अंगठा थुंकीनं ओला करून ते त्यावर जोरात घासायचे आणि नाकाशी न्यायचे. खऱ्या जुन्या बेकलाइटला घासल्यावर सरकारी दवाखान्यासारखा वास येतो. नव्या प्लास्टिकला येत नाही. हॉर्नची जोडी आली की डोळे मिटून दोन्ही वाजवायचे, एक बारीक आवाजाचा, एक जाड. एकदा एका वकिलाच्या गाडीचे हॉर्न ऐकून म्हणाले, "ही नवरा-बायको एका घरातली नाहीत." वकीलसाहेब तावातावानं बोलू लागले. नानांनी दोन्ही हॉर्न उलटे करून पाठीवरची सालं दाखवली. सहा वर्षांचं अंतर होतं.

तपासणी संपेपर्यंत ते गिऱ्हाईकाचा चहा घेत नसत. "चहा पोटात गेला की जीभ गोड होते," म्हणायचे. चहा थंड व्हायचा. मग तपासणी झाल्यावर तोच थंड चहा प्यायचे, टाकायचे नाहीत.

घरी मात्र माईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, तक्रारीला अंत नव्हता. इंदिरानगरच्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच मिनिटं बेल दाबत होते. माई दार उघडून म्हणाल्या, "दारावर थाप मारायची गं. बेल दोन वर्षं बंद आहे. यांना न्यायला मुंबईहून गाड्या येतात, आणि घरातली बेल वाजत नाही."

आतून नाना ओरडले, "ती बेल तोतया आहे. मी हात लावणार नाही."

"मग खरी आणा!"

"मिळत नाही."

माझं त्यांच्याशी एका गोष्टीवरून कायम भांडण होतं. मी म्हणायचे, "नाना, तुमच्यासारख्या कारागिराचं आयुष्य चार श्रीमंतांच्या हौसेपायी खर्ची पडतंय. याची तुम्हाला चीड येत नाही?" एकदा त्यांनी माझ्या हातात एक डायनामो दिला आणि ठोकलेले आकडे बोटानं चाचपायला लावले. एक आकडा तिरका होता.

"हा तिरका का?"

"काय माहीत."

"ठोकणाऱ्याचा हात हलला. पाळी संपत आली असेल, नाही तर शेजाऱ्यानं काही सांगितलं असेल. गाडी शेटची. पण हा आकडा तुमच्यातल्याच कुणाचा तरी आहे. तो मी वाचतो. दुसरं कोण वाचणार?"

त्यापुढे मी ते भांडण काढलं नाही. उलट मीच म्हणाले, आपण याची पुस्तिका काढू. मेकॅनिकांसाठी, मराठीतून. तोतयांचा बाजार माजलाय, पोरांना ओळखता आलं पाहिजे. नाना तयार नव्हते, पण शेवटी बसले. ते सांगायचे, मी लिहायचे. आठ पानांची पुस्तिका झाली, बारा नियमांची. नानांचं नाव छापायचंच असं मी ठरवलं होतं. त्यांनी खालच्या कोपऱ्यात फक्त आद्याक्षरं छापू दिली. वडिलांच्या ओळखीच्या प्रेसमध्ये ती छापून आम्ही जिल्ह्यातल्या गॅरेजांमध्ये वाटली. मालेगावपासून सिन्नरपर्यंत गेली. भिंतींवर चिकटवलेली मी स्वतः पाहिली आहे.

सहावा नियम कटआउटबद्दल होता. कटआउट म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला छोटा काळा डबा. बॅटरीत वीज कधी जाऊ द्यायची आणि कधी थांबवायची, हे तो ठरवतो. नानांनी सांगितलं, "विलायती गाडीत देशी शिक्क्याचा कटआउट दिसला तर तो जन्माचा नाही. काढा." मी लिहिलं, 'देशी शिक्क्याचा हलका डबा दिसला की काढून फेकून द्या!' नानांना वाचून दाखवलं तेव्हा ते कुठल्याशा वायरीत गुंतले होते. "हूं," म्हणाले.

त्याच सुमाराला सायखेड्याचे एक द्राक्षबागायतदार शेडमध्ये येऊ लागले. त्यांनी एक क्रीम रंगाची जुनी विलायती गाडी घेतली होती आणि तिच्यावर जीव टाकला होता. "नाना, लय नाय, एवढंच पायजे. फेब्रुवारीच्या शर्यतीत माझी गाडी उभी राहिली पायजे आन् कुणी बोट नाय दाखवलं पायजे." शर्यत म्हणजे पळण्याची नव्हे, गाड्या मैदानात उभ्या करायच्या, परीक्षक बॉनेट उघडून बघणार, आणि सगळ्यात अस्सल गाडीला ढाल. नानांनी दीड वर्ष त्या गाडीवर काम केलं. वायपरची मोटर त्यांनी कोल्हापुराहून शोधून आणली. देशी शिक्क्याचा कटआउट काढला आणि विलायती, बरोबर महिन्याचा, बसवला. जुना भंगारात गेला. शर्यतीच्या अर्जावर तपासनीस म्हणून सही केली.

शर्यतीला तीन आठवडे होते तेव्हा गंगापूर रोडवरून बोलावणं आलं. एका डॉक्टरांची निवृत्त शिक्षिका मुलगी. वडिलांची गाडी विकायची होती आणि घेणाऱ्याला नानांचं मत हवं होतं. बाईंनी शटर वर केलं तेव्हा आत त्याच घराण्यातली, त्याच वर्षातली गाडी उभी होती. धुळीनं राखाडी झालेली.

"गाडी घेऊन वर्ष झालं नव्हतं आणि बाबा गेले," बाई म्हणाल्या. "आईनं शटर ओढलं ते ओढलं. मी वर्षातून एकदा झाडू मारते, बस."

नानांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "बाकी सगळं जन्माचं. हा कटआउट तेवढा बदललाय."

"कुणी बदलला?"

"देशी आहे. नंतर कुणीतरी..."

"अहो, पण कोण? गाडी बाहेरच गेली नाही."

नाना हसले. त्यांच्याशी असं सगळेच बोलायचे. ते वाकले आणि स्क्रूवरची धूळ फडक्यानं पुसली. पुस्तिकेतला दुसराच नियम होता: या गाड्यांच्या कारखान्यात तपासनीस प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा पत्र्यावर. स्क्रू एकदा जरी फिरवला तरी ठिपका तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. माणूस खोटं बोलेल, ठिपका बोलणार नाही, हे वाक्य मीच घातलं होतं.

चारही ठिपके अखंड होते.

नानांनी चारही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग खिशातून भिंग काढून डब्याच्या कडेचे आकडे त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. मला म्हणाले, "तू वाच."

मी वाचले. डबा गाडीच्या दोन महिने आधीचा होता.

"जन्माचा आहे," नाना म्हणाले. बाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी तेच तर सांगत होते."

शेडमध्ये परत आल्यावर नाना स्टुलावर बसले. हळूहळू मला सांगू लागले, पण मला सांगत होते असं नाही. त्या गाड्या सुट्ट्या भागांत, खोक्यांतून बोटीनं यायच्या आणि इथं जोडल्या जायच्या. हे त्यांना ठाऊकच होतं. मग जोडताना एखादा डबा इथलाच बसवला असेल, हे का सुचलं नाही? इथंही कुणीतरी कारखान्यात उभं राहून डबे बनवत होतं, आकडे ठोकत होतं.

"सात गाड्यांतून मी तो काढला," ते म्हणाले. "सातही डब्यांवर आकडे असणार. मी देशी शिक्का पाहिला आणि पुढं वाचलंच नाही. विलायती डबा असता तर भिंग काढलं असतं."

मला सांत्वन करायला जमत नाही. मी पत्रकवाली, मी विचार करू लागले की यातून कसं निभावायचं. म्हटलं, "नाना, ही गोष्ट आपल्याला आणि त्या बाईंना माहीत, आणि बाईंना तिचं काही नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढू, सहावा नियम गुपचूप बदलू. सायखेड्याच्या गाडीला तीन आठवड्यांवर शर्यत आहे. परीक्षकांनाही हे माहीत नाही. ते देशी डब्यालाच बोट दाखवतील!"

"म्हणजे ती गाडी जिंकेल ती माझ्या चुकीवर."

"जिंकेल तर खरी."

"पुढारी," ते म्हणाले, "कंपनीनं चूक गुपचूप बदलली असती, तर तू काय लिहिलं असतंस?"

काय लिहिलं असतं ते मला तोंडपाठ होतं.

शुद्धिपत्रक मीच लिहायला घेतलं. एक पान. पहिलं वाक्य लिहिलं: 'सहाव्या नियमाबाबत काही नवी माहिती निदर्शनास आली आहे.' नानांनी माझ्या हातातलं पेन घेऊन ते खोडलं. आपल्या मोठ्या, ओबडधोबड अक्षरात वर लिहिलं, 'सहावा नियम चूक आहे. मी चुकलो.' आणि खाली, आद्याक्षरं नव्हे, पूर्ण नाव, शेडचा पत्ता आणि त्यांनी ज्यांतून डबे काढले त्या सात गाड्यांचे नंबर.

"गाड्यांचे नंबर कशाला?"

"त्यांच्या मालकांना कळायला नको?"

'फेकून द्या' हे शब्द माझे होते, ते त्यांचे नव्हते, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं. पुस्तिका त्यांनी छापून आल्यावर वाचली होतीच. "माहीत आहे," म्हणाले. "आद्याक्षरं माझी होती." आणि विषय संपवला. नानांनी 'काढा' म्हटलं होतं; काढलेला डबा कुठंतरी फळीवर पडून राहतो, कधीतरी पुन्हा सापडतो. माझं उद्गारचिन्ह वाचून कुठल्या कुठल्या गॅरेजात किती डबे उकिरड्यावर गेले असतील, ते मोजायची सोय नव्हती.

सायखेड्याला आम्ही दोघं बसनं गेलो. बागायतदारांनी पान वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"म्हंजी माझ्या गाडीत व्हता त्यो खरा व्हता?"

"हो."

"आन् तुमी काढला."

"मी काढला."

"कुठंय त्यो?"

"भंगारात दिला. वितळला असेल."

"मंग गप बसायचं ना नाना! मला कशाला सांगता? जिंकू द्यायचं, मंग सांगायचं!" ते उठून बागेत निघून गेले. त्यांच्या आईनं आम्हाला चहा दिला. नानांनी तो गरम असतानाच प्यायला.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर नाना सकाळीच पोचले. आयोजकांच्या टेबलाशी जाऊन अर्जावरची आपली सही त्यांनी मागे घेतली. टेबलामागचे गृहस्थ अवघडले. म्हणाले, "अहो, एवढासा डबा. कुणाला दिसणारसुद्धा नाही." नाना म्हणाले, "मला दिसतो." क्रीम गाडी स्पर्धेतून निघाली आणि नुसत्या प्रदर्शनाच्या रांगेत, कोपऱ्यात, उभी राहिली. बागायतदार आले होते, पण आमच्याशी बोलत नव्हते. नाना गाडीजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शुद्धिपत्रक देत होते आणि मी गठ्ठा धरून त्यांच्या मागे होते. काही ओळखीच्या मेकॅनिकांनी ते वाचून मान हलवली. एक जण मोठ्यानं म्हणाला, "चला, नाना पण माणूस निघाले." हशा झाला. नानांनी त्यालाही आणखी दोन प्रती दिल्या, दुकानात लावायला.

अकराच्या सुमाराला बागायतदारांनी काही न बोलता गाडीचं बॉनेट उघडलं आणि बाजूला उभे राहिले. दोन कॉलेजची मुलं वाकून बघायला लागली. बागायतदारांनी त्यांना बोट दाखवलं.

"ह्यो डबा बघा. ह्यो चुकीचाय. खरा व्हता त्यो आमच्या नानांनी काढला." मग नानांकडे हात करून, "आन् त्यांनीच येऊन सांगितलं. कागद हाय बघा, घ्या त्यांच्याकडनं."

मुलांनी कागद घेतला. मग त्यांच्यामागचे आले. बागायतदार प्रत्येकाला तेच सांगत होते, दर वेळी आवाज थोडा चढत होता, आणि 'आमच्या नानांनी' वर जोर येत होता. नाना घामानं डबडबले होते. दुपारपर्यंत त्या कोपऱ्यात गर्दी झाली. ढाल मिळालेल्या गाडीपाशी होती तेवढी नसेल. मी मोजली नाही.

त्या गर्दीत सटाण्याकडचा एक मेकॅनिक होता. त्याच्या हातात आमची पुस्तिका होती, तेलानं काळी झालेली, सहाव्या नियमावर अंगठ्याचा ठसा. तो नानांच्या समोर येऊन उभा राहिला. चिडलेला नव्हता, थकलेला वाटला.

"नाना, मी तीन फेकले," तो म्हणाला. "पुस्तकात फेकून द्या लिहिलंय म्हणून फेकले. नाही तर मी कधी काही फेकत नाही. हे 'फेकून द्या' कुणी लिहिलं?"

नानांनी बोलायला तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला माहीत होतं.

"मी," मी म्हणाले.

आवाज बारीक निघाला. शेजारी कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. त्याला ऐकू गेलं नाही, त्यानं कान पुढे केला. म्हणून मी गठ्ठा खाली ठेवला, नानांच्या पुढे आले आणि पुन्हा म्हणाले.